तीन वाजून पाच मिनिटं

२००६

गोरेगाव पश्चिमेला, महात्मा गांधी रोडच्या आझादनगर भागात झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली एक इमारत उभी राहिली. नाव जय भवानी. तळमजला आणि वर पाच मजले. खाली दुकानं आणि गाड्या लावायची जागा, वर घरं.

पुनर्वसनात मिळणारं घर त्या काळी २२५ चौरस फुटांचं असे. एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, मोरी, संडास, खिडकी आणि दार. वर्षानुवर्षं पत्र्याखाली राहिलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर स्लॅब आला, नळ घरात आला. बाहेर पडायची वाट एकच राहिली. अशा इमारतींत दारातून निघालं की जिना, जिना उतरला की पार्किंग, पार्किंग ओलांडलं की रस्ता. पाचव्या मजल्यावरच्या माणसालाही रस्त्यावर यायचं तर तळमजल्यावर जे काही ठेवलेलं असेल त्याच्या शेजारूनच यावं लागतं.

इमारतीत चालू स्थितीतली अग्निसुरक्षा यंत्रणा नव्हती. ही गोष्ट जाहीर व्हायला सतरा वर्षं लागली.

६ डिसेंबर २००८

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा या दिवशी लागू झाला. आगीची यंत्रणा बसवायची आणि ती चालू ठेवायची जबाबदारी त्याने इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली. सहकारी सोसायटीत ही जबाबदारी शेवटी राहणाऱ्यांवरच येते. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घ्यायची आणि यंत्रणा सुस्थितीत असल्याचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचं.

२०१० पासून जुलै २०२३ पर्यंत धरलं तर अशा २८ तारखा येतात. ज्या इमारतीत यंत्रणाच नाही तिथे त्या तारखा कुणाच्या लक्षातही येत नाहीत. तुमच्या सोसायटीच्या फलकावर पाणी बंद राहण्याची सूचना असते, थकबाकीदारांची यादी असते. नमुना ब तिथे शेवटचा कधी लागला होता, हा प्रश्न सेक्रेटरींना विचारून पाहावा. आगीसाठी घर तयार आहे का, याची परीक्षा घराबाहेर, त्या फलकापाशी सुरू होते.

दर वर्षी १४ एप्रिल

१९४४ साली या दिवशी मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली आणि दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर पाळला जातो. कार्यालयांत भोंगा वाजतो, माणसं जिन्याने उतरतात, पटांगणात हजेरी होते, मग चहा. शाळांतही होतं.

घरात होत नाही. जिथे माणूस झोपलेला असतो, जिथे म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं असतात, तिथे ही तालीम कुणी घेत नाही. मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत मोठी उणीव वाटते. ती भरून काढायला पैसेही लागत नाहीत.

१४ जून २०१७, रात्री १२.५४

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमधून अग्निशमन दलाला पहिला फोन गेला. चोवीस मजल्यांची इमारत. चौथ्या मजल्यावरच्या एका घरातल्या फ्रीजपाशी आग लागली होती. तिथला नियम असा, की दुसऱ्याच्या घरात आग असेल तर आपल्या घरात दार लावून थांबायचं. फोन करणाऱ्यांना तसंच सांगितलं गेलं. इमारतीला बाहेरून लावलेलं आवरण पेटलं आणि आग भिंतीवरून वर चढली.

थांबा हा सल्ला २ वाजून ४७ मिनिटांनी मागे घेतला गेला. तोवर जिन्यात धूर भरला होता. ७२ माणसं दगावली. हा निर्णय १.३० ते १.५० च्या दरम्यान घेता आला असता, असं चौकशी अहवालात पुढे म्हटलं आहे.

थांबायचं की निघायचं, हा प्रश्न मुंबईतल्या घरालाही चुकणार नाही. त्याचं ठरलेलं उत्तर नाही. उत्तर कसं शोधायचं याची रीत मात्र आहे, आणि ती आधी हाताखालून गेलेली असावी लागते.

२२ ऑगस्ट २०१८, सकाळी साडेआठचा सुमार

परळला हिंदमाताजवळ क्रिस्टल टॉवरच्या बाराव्या मजल्यावर आग लागली. सोळाव्या मजल्यावर झेन सदावर्ते ही दहा वर्षांची मुलगी राहत होती. धूर वर आला. तिने सुती कपडे फाडून ओले केले, शेजाऱ्यांना दिले आणि त्यातून श्वास घ्यायला सांगितलं. तिसरीत असताना शाळेत तिने हे शिकलेलं होतं. तिला पुढे राष्ट्रीय बाल शौर्य पुरस्कार मिळाला. १७ जणांचे प्राण वाचवल्याची नोंद तिच्या नावावर आहे.

त्या आगीत चार जण गेले. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हतं.

ओल्या कपड्याने काजळी अडते, डोळ्या-घशाला झोंबणारे काही वायू काही प्रमाणात अडतात. कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. ओलं फडकं म्हणजे थोडा मिळालेला वेळ. पण त्या मजल्यावर त्या थोड्या वेळात काय करायचं हे एका मुलीला ठाऊक होतं, कारण कुणीतरी तिच्याकडून ते आधी करून घेतलं होतं.

२२ जानेवारी २०२२, सकाळी सातचा सुमार

ताडदेवची कमला इमारत. वीस मजले. अठराव्या मजल्यावर आग. आग विझवायची यंत्रणा इमारतीत होती, ती चालत नव्हती. त्या दिवशी सहा जण गेले.

२०२३, तळमजला

जय भवानीत राहणाऱ्या बऱ्याच कुटुंबांचा व्यवसाय जुन्या कपड्यांचा होता. मुंबईत दुपारी दारावर येणारी बोहारीण आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. स्टीलचं पातेलं देते, जुन्या साड्या आणि पँटी घेते. शहराने टाकलेलं कापड अशा कुटुंबांच्या हातून निवडलं जातं, गाठोड्यांत बांधलं जातं आणि पुन्हा विकलं जातं. गाठोडी कुठेतरी ठेवावी लागतात. २२५ चौरस फुटांत माणसं झोपवायची की गाठोडी, याचं उत्तर सरळ होतं. कापड पार्किंगमध्ये राहिलं, दुचाकी आणि मोटारींच्या बाजूला.

रोजगार खाली आणि संसार वर, ही मुंबईतल्या गरिबीची जुनी रचना आहे. दोष फक्त गाठोडं ठेवणाऱ्याच्या माथी मारणं मला पटत नाही. पुनर्वसनाच्या नकाशात माणसाला खोली दिली, त्याच्या धंद्याला जागा दिली नाही. पण आग हा भेद पाहत नाही.

घट्ट बांधलेलं कापड आतल्या आत धुमसतं. ज्योत दिसायच्या आधी धूर होतो, आणि हवा कमी मिळाल्याने त्यात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो. शेजारच्या दुचाकीत पेट्रोल, रबर, प्लास्टिक, फोम. एक गाडी पेटली की तिच्या शेजारची फार वेळ घेत नाही.

पार्किंगमध्ये जाता-येता रोज दिसणारी वस्तू थोड्या दिवसांनी दिसेनाशी होते. जिन्याखालचं जुनं कपाट, मीटरच्या खोलीत टाकलेली रद्दी, पॅसेजमधला बुटांचा स्टँड, गच्चीच्या दाराशी रचलेल्या फरश्या, सगळ्यांचं तेच होतं.

गुरुवार, ५ ऑक्टोबर २०२३, रात्र

पितृपक्ष चालू होता. गणपती जाऊन आठवडा झाला होता, घटस्थापना दहा दिवसांवर होती.

मुंबईतल्या कुठल्याही घरात रात्री अकराच्या सुमाराला जे होतं ते पाहू. गॅसची शेगडी बंद होते, रेग्युलेटर चालूच राहतो. मोबाइल चार्जिंगला लागतो, बहुतेकदा गादीच्या कडेला. आतल्या लाकडी दाराला कडी, वर साखळी. बाहेरच्या लोखंडी जाळीच्या दाराला कुलूप. त्या कुलपाची किल्ली कुठे ठेवली जाते? घरातल्या प्रत्येकाला हे वेगवेगळं विचारावं. फ्रीजवर, खुंटीला, बाबांच्या पँटच्या खिशात, देवघराच्या खणात अशी वेगवेगळी उत्तरं आली, तर त्या घराची परीक्षा तिथेच संपली.

खिडकीला बाहेर काढलेली पेटीसारखी जाळी, तिच्यात कुंड्या आणि कपडे वाळत घालायची दोरी. जाळीला उघडणारी झडप असली तर तिलाही कुलूप. ही जाळी चोरासाठी लावलेली असते. आत अडकलेल्या माणसाचा विचार तिच्यात क्वचितच असतो.

हे सगळं रात्री अकराला बदलता येतं. किल्ली दाराच्या आतल्या बाजूला, हाताला लागेल अशा एकाच खुंटीवर. तिच्या शेजारी बॅटरी. रेग्युलेटर बंद, पाइपचा गॅस असेल तर ओट्यापाशी असलेली चावी बंद. दोन मिनिटांचं काम.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर २०२३, पहाटे ३.००

तीनच्या सुमाराला जय भवानीच्या तळमजल्यावर आग होती. कापड पेटलं, गाड्या पेटल्या. वरच्या मजल्यांवर लोक झोपेत होते.

अग्निशमन दलाला वर्दी ३ वाजून ५ मिनिटांनी मिळाली. मधली पाच मिनिटं त्या इमारतीतल्या लोकांची स्वतःची होती. त्यांत काय काय करावं लागतं, ते कुठल्याही घरात घड्याळ लावून करून पाहता येतं. पुढची पाच मिनिटं तशी वाचावीत: आपल्या घरात, दिवे घालवून.

पहिलं मिनिट

झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईल यावर विसंबता येत नाही. गाढ झोपेत नाक फार मंद काम करतं. कानाला जाग येते. म्हणून पाश्चात्त्य देशांत घराघरांत छताला धुराचा अलार्म असतो. बॅटरीवर चालतो, आकाराने बशीएवढा असतो. आपल्याकडे तो हॉटेलात आणि कार्यालयात दिसतो. सदनिकेत बसवणारे थोडे.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. डोकं जड होतं, हातपाय ढिले पडतात, विचार मंदावतो. जागा झालेला माणूसही तेव्हा नेहमीचा माणूस नसतो. कडी काढणं, किल्ली फिरवणं, फोनवर पत्ता सांगणं ही कामं त्याच्याकडून नीट व्हायची असतील तर ती हाताच्या सवयीतच असायला हवीत.

परीक्षा अशी: रात्री सगळे झोपल्यावर एकाने एका खोलीत फोनचा भोंगा वाजवायचा. कोण उठतं? आतल्या खोलीतला मुलगा उठतो का? कानाचं यंत्र काढून ठेवलेल्या आजी उठतात का? त्यांना उठवायचं काम कुणाचं, हे ठरलेलं आहे का?

दुसरं मिनिट

वीज जाते. मीटर आणि मुख्य वायरिंग तळमजल्यावरच असतं, आणि आगही तिथेच असते. म्हणून ही तालीम मेन स्विच बंद करूनच घ्यायची. उजेडात घेतलेल्या परीक्षेचा उपयोग नाही.

अंधारात पलंगापासून दारापर्यंत यायचं. वाटेत टीपॉय, मुलांची सायकल, पाण्याचे कॅन. धूर असेल तर उभ्याने चालायचं नाही. छताकडून तो खाली भरत येतो, जमिनीलगत काही काळ बरी हवा असते. गुडघ्यांवर, एक हात भिंतीला लावून. पासष्टीच्या माणसाला हे जमतं का, ते त्या रात्रीच कळून चालणार नाही.

तिसरं मिनिट

दार. इथे थांबायला हवं, कारण सगळं या मिनिटावर येऊन ठेपतं.

झोपेतून उठलेल्या माणसाची पहिली ओढ खाली पळायची असते. आपण रोज त्याच जिन्याने उतरतो, रस्ता खाली आहे, माणसं खाली आहेत. आग वर असेल तर ही ओढ बरोबर ठरते. आग तळाला असेल तर जिना हेच तिचं धुराडं होतं. गरम धूर वर चढतो, जिन्याच्या आणि लिफ्टच्या पोकळीतून मजले ओलांडत जातो. खाली उतरणारा माणूस दर पायरीला अधिक दाट, अधिक गरम धुरात शिरत असतो. लिफ्टला तर हातच लावायचा नाही.

रीत अशी आहे. दार उघडायच्या आधी हाताची मागची बाजू दाराला, मग कडीला लावायची. गरम लागलं तर दार उघडायचं नाही. गार असेल तर एका बाजूला राहून, खांदा दाराला लावून, बोटभर फट करायची. जिना मोकळा दिसला तर सगळ्यांनी निघायचं, दार मागे ओढून घ्यायचं. बंद दार आग आणि धूर बराच वेळ अडवून धरतं. जिन्यात धूर दिसला तर दार लावून घ्यायचं आणि आतच थांबायचं. फटींना ओले टॉवेल, चादरी. मग खिडकी.

तिसरी वाट गच्ची. जय भवानीतही गच्चीवर अडकलेल्या लोकांना अग्निशमन दलाने सुखरूप उतरवलं. पण गच्चीकडे निघायचं तर दोन गोष्टी आधी ठाऊक हव्यात: वर जाणारा जिना धुराविना आहे का, आणि गच्चीच्या दाराला कुलूप आहे का. मुंबईतल्या असंख्य सोसायट्यांत गच्चीला कुलूप असतं. किल्ली वॉचमनकडे असते, आणि वॉचमन तळमजल्यावर असतो. सोसायटीच्या सभेत गच्चीच्या किल्लीवरून वाद होतात ते पतंग, पापड आणि पार्ट्यांवरून. तिथे हा मुद्दा मांडला जायला हवा.

परीक्षा: घरातल्या प्रत्येकाने, मुलांनीही, ही कृती करून दाखवायची. हाताची मागची बाजू. बोटभर फट. निर्णय मोठ्याने बोलायचा: “निघतोय” किंवा “थांबतोय”. कोण बोलणार? घरात बाबा रात्रपाळीला असतील तेव्हा कोण?

चौथं मिनिट

माणसं मोजायची. एका खोलीत सगळ्यांना आणायचं, शक्यतो रस्त्याकडे खिडकी असलेल्या. दागिने, कागदपत्रं, कपाट यांना हात लावायचा नाही. रेशन कार्ड आणि घराच्या कागदांच्या प्रती आधीच नातेवाइकाकडे किंवा फोनमध्ये ठेवता येतात. ज्या कुटुंबाने दोन पिढ्या कागदांवरूनच झोपडी शाबीत केली, त्याला कागद सोडून निघ म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं. म्हणून तर प्रत आधी काढायची.

गॅसचा प्रश्न इथेच येतो. सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू हलका, तो छताकडे जातो. दोन्हींना वास मुद्दाम मिसळलेला असतो. वास आला तर विजेचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर जाऊन फोन करायचा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. घरात किती जणांना तो पाठ आहे? ओट्याखाली १४.२ किलो वायू ठेवून आपण झोपतो. रेग्युलेटर कोणत्या बाजूला फिरवला की बंद होतो, हे घरात फक्त आईला ठाऊक असणं पुरेसं नाही.

खिडकीत उजेड दाखवायचा. बॅटरी, फोनचा दिवा, पांढरी चादर. खाली उभ्या असलेल्या जवानाला कुठल्या खिडकीत माणसं आहेत हे कळावं लागतं.

पाचवं मिनिट

१०१. किंवा ११२. महापालिकेचा आपत्ती कक्ष १९१६.

फोनवर काय बोलायचं हे कागदावर लिहून दाराशी चिकटवलेलं असावं: इमारतीचं नाव, रस्ता, पश्चिम की पूर्व, जवळची ठळक खूण, मजला, किती माणसं अडकली आहेत. गोरेगावात ‘नगर’ कितीतरी आहेत: आझादनगर, उन्नतनगर, मोतीलालनगर, सिद्धार्थनगर, जवाहरनगर. घाबरलेला माणूस अर्धा पत्ता सांगतो आणि फोन ठेवतो. पलीकडचा माणूस ठेव म्हणेपर्यंत ठेवायचा नाही. दहा वर्षांच्या मुलाकडून हे एकदा म्हणवून घ्यावं.

आणि एक समज काढून टाकावा लागतो. खालच्या मजल्यावरच्यांनी केलाच असेल फोन, असं प्रत्येक मजला धरून चालतो.

३.०५

वर्दी मिळाली. बंब निघाले.

३.०५ ते ६.५४

आग क्रमांक दोनच्या तीव्रतेची ठरवली गेली. तळमजल्यावरची दुकानं, कापड, भंगार आणि गाड्या जळत होत्या. ज्वाळा मुख्यतः खाली होत्या, धूर सगळ्या इमारतीत होता. जवानांनी वेगवेगळ्या मजल्यांवर आणि गच्चीवर अडकलेल्या लोकांना बाहेर काढलं.

जखमींना दोन ठिकाणी नेलं जात होतं: जोगेश्वरीचं हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा केअर रुग्णालय आणि जुहूचं कूपर रुग्णालय. काही भाजलेले होते, बरेच गुदमरलेले.

घरातल्या तयारीचा आणखी एक भाग या तासांत लागतो. इमारतीबाहेर भेटायची जागा ठरलेली नसेल, तर बाहेर आलेली आई मुलगा आत राहिला असं समजून परत जिन्याकडे धावते, आणि तो रस्त्याच्या पलीकडे शेजाऱ्यांजवळ उभा असतो. जागा एकच हवी, नावानिशी: अमुक दुकानाची पायरी, अमुक देवळाचा कट्टा. बाहेर पडलेल्याने परत आत जायचं नाही. आत कोण राहिलंय ते जवानाला सांगायचं, मजला आणि खोली क्रमांकासह.

साडेसहाच्या सुमाराला उजाडलं.

६.५४

आग आटोक्यात आल्याची नोंद झाली. वर्दीपासून ३ तास ४९ मिनिटं. तीसेक दुचाकी आणि चार मोटारी जळाल्या होत्या. त्या सकाळी मृतांचा आकडा सात होता, त्यात दोन अल्पवयीन. जखमी चाळीसहून अधिक.

६ ऑक्टोबर २०२३, दिवसभर

राज्य सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले. पंतप्रधान मदत निधीतून मृतांच्या वारसांना २ लाख आणि जखमींना ५० हजार. महापालिकेने आठ जणांची चौकशी समिती नेमली. पुनर्वसन योजनेतल्या जुन्या इमारतींची अग्निसुरक्षा तपासायचं जाहीर झालं. इमारतीत आगीपासून बचावाची यंत्रणा नव्हती हे त्या दिवशी सगळ्या बातम्यांत आलं.

पार्किंगमध्ये काय ठेवलेलं होतं तेही आलं. तिथल्या राहणाऱ्यांना ते आधीच ठाऊक होतं.

रविवार, ६ ऑक्टोबर २०२४, पहाटे ५.२०

बरोबर एक वर्षाने, चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीतून वर्दी आली. तळमजला आणि वर एक मजला. खाली दुकान, वर घर. रविवारची पहाट, घरातली माणसं झोपलेली. एकाच कुटुंबातले सात जण गेले, त्यांत लहान मुलं होती. आगीची सुरुवात तळमजल्याच्या दुकानातल्या वायरिंगमध्ये आणि विजेच्या उपकरणांत झाली होती.